डब्यात चमचाभर साखर

मला फक्त मुगाची खिचडी करायची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सोसायटीत या प्रकरणाच्या बऱ्याच आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या एकीत मी नाशिकच्या कुणा निवृत्त शिक्षिकेशी रजिस्टर लग्न करून मोकळा झालेलो आहे. नाशिक कुठून आलं ते मला माहीत नाही. मी शेवटचा नाशिकला गेलो तो कारखान्याच्या सहलीला, आणि तिथे मला जुलाब झाले होते.

मुगाची खिचडी, वर तूप, बाजूला भाजलेला पापड. असलंच तर लिंबाचं लोणचं. एवढं स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यावर करून, खिडकीशी बसून खावं, ही माझी महत्त्वाकांक्षा. माणसं या वयात चारधामला जातात. मी ओट्यापर्यंत जायचं ठरवलं होतं.

माझी बायको हेमा माघात गेली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मला ते जमत नाही.

माणूस गेलेल्या घरी शेजारी जेवण पाठवतात. रीत चांगली आहे. पण ती थांबवायची कधी, हे कुणीच ठरवलेलं नाही. श्रावण उजाडला तरी डबे येतच होते. आणि डब्यात काय? पनीर. आमच्या मानपाडा रोडवर दुःखाला पनीर लागतं अशी समजूत आहे. काजूची ग्रेव्ही, वर क्रीम, त्यात बुडालेले चौकोनी तुकडे. ती भाजी नव्हे, ते सांत्वन आहे. रोज सांत्वन खाऊन मला पित्त झालं.

शेजारच्या सुमेधाताई आठल्यांना मी एकदा म्हणालोसुद्धा, "ताई, साधा वरण-भात असला तरी चालेल हो."

त्या म्हणाल्या, "छे हो काका! तुम्हाला असं साधं देऊ होय आम्ही? एवढं झालंय तुमच्यावर!"

दुसऱ्या दिवशी मलई कोफ्ता आला.

इकडे माजिवड्याहून आमची मुलगी देवयानी रोज फोन करायची. तिचं म्हणणं एकच: घर बंद करा आणि आमच्याकडे या. तिचं घर चांगलं आहे. जावईही चांगला आहे. पण सलिलला प्रोटीनची काळजी असते. त्यांच्याकडे उपमा ओट्सचा आणि डोसा मुगाच्या मोडांचा. पोह्यांतसुद्धा पोहे कमी आणि इतर सज्जन मंडळी जास्त. मी तिथे आठवडाभर राहिलो तेव्हा मला खूप निरोगी वाटलं आणि खूप भूक लागली.

"बाबा, एकटे राहून खाणार काय? लोकांचे डबे?" देवयानी म्हणाली.

"मी स्वयंपाक करीन."

"तुम्ही? काय करता येतं तुम्हाला?"

मी विचार केला. "खिचडी."

पलीकडे तिने कपात बराच वेळ चमचा ढवळला. आईसारखीच आहे, ढवळायला लागली की समजावं.

"बरं," ती म्हणाली. "रविवारी येते. माझ्यासमोर करा. नीट झाली तर राहा तिथे. नाही झाली तर त्याच दिवशी बॅग भरायची. कबूल?"

मी कबूल म्हणालो. घर माझं, भूक माझी, आणि परीक्षा पोरीकडे. पण बाप म्हातारा झाला की नियम बदलतात.

आता मी काही अगदी अडाणी नव्हतो. जन्मभर इथल्याच एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. वाफ, दाब, उष्णता या विषयांत माझा शब्द शेवटचा असायचा. कुकर म्हणजे काय, छोटा बॉयलरच. मी डाळ-तांदूळ धुतले, पाणी घातलं, झाकण लावलं, आणि खुर्ची घेऊन समोर बसलो. दाब वाढत गेला. शिट्टी जरा फुरफुरली, तसा मी झटक्यात गॅस बंद केला.

उघडून पाहिलं तर तांदूळ दाताखाली कडकड वाजत होते. मी वाटीत थोडे घेऊन सुमेधाताईंकडे गेलो.

"किती शिट्ट्या केल्यात?" त्यांनी विचारलं.

"एकही होऊ दिली नाही," मी अभिमानाने म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कसं सांगणार, की आमच्याकडे वाफ शिट्टी मारून बाहेर पडली की मेमो मिळायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडू न देणं यालाच आम्ही नोकरी म्हणत होतो. आणि इथे बायका बसून व्हॉल्व्ह किती वेळा उडाला ते मोजतात आणि म्हणतात भात छान झाला. माझी सगळी कारकीर्द उलटी टांगल्यासारखं वाटलं.

असो. सराव करायचा तर डबे थांबायला हवेत. दारात गरम कोफ्ते आल्यावर कच्ची खिचडी कोण खाईल? आणि डबे थांबवायचे तर आधी आलेले परत करायला हवेत. ते ओट्यावर, फ्रिजवर, देवघराच्या खालच्या कप्प्यात साठले होते. झाकण एकाचं, डबा दुसऱ्याचा. मी सगळे घासले, पुसले, आणि पहिला डबा घेऊन सुमेधाताईंकडे गेलो.

त्यांनी झाकण उघडलं. आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आत पाहिलं, जणू कोपऱ्यात काही राहिलं असेल.

"असू दे काका," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कुठून कळणार."

"काय?"

"अहो, दिलेला डबा रिकामा परत करत नाहीत. हेमाताईंनी कधी केला नाही. काहीच नसलं घरात, तर चमचाभर साखर तरी असायची आत."

मी जन्मभर हेमाला डबे परत देताना पाहिलं होतं. आत काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, डबा जातो आणि डबा येतो.

घरी येऊन मी साखरेचा मोठा डबा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक डब्यात चमचाभर साखर घातली. लोकांच्या दारात जायचं म्हणून दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. पिशवी भरून मजल्या-मजल्यावर गेलो. काम संपत आल्याच्या आनंदात चेहरा जरा हसरा झाला असावा. आता विचार केला की कळतं, मी नेमकं काय केलं. श्रावणाच्या सकाळी, गुळगुळीत दाढी करून, पांढऱ्या शर्टातला एक विधुर दारोदार हसत साखर वाटत फिरत होता.

"काय विशेष, काका?" दुसऱ्या मजल्यावर विचारलं.

"आता घरात पुन्हा स्वयंपाक सुरू होणार," मी म्हणालो. "रविवारी देवयानी येतेय. तिने पसंत केलं की झालं."

शब्द न् शब्द खरा होता.

तळमजल्यावर सखुबाई म्हात्रे राहतात. ही जमीन मूळ त्यांची. कधीकाळी इथे त्यांचं भाताचं शेत होतं, आता त्यावर आम्ही उभे आहोत. वय पुष्कळ, नजर कमी, आवाज दणदणीत. श्रावणात त्यांच्या घरी मासळी बंद असते, त्यामुळे महिनाभर त्यांचा स्वभाव खराब असतो. मला त्यांनी वालाचं बिरडं पाठवलं होतं. आलेल्या सगळ्या डब्यांत तेवढंच मी चाटून-पुसून खाल्लं होतं. त्यांनी डब्यात बोट घातलं, चाटलं.

"साकर? साकर कनाला रं, वझेभाव?"

"रीत असते ना, आजी."

"हां," सखुबाई म्हणाल्या आणि मान डोलवत राहिल्या. "रीत तं हायेच. बरा केलास. एकला मानूस, मच्छी नाय, मटन नाय, अंडा पन नाय. जगायाचा कसा? कुनीतरी पायजेच."

मला वाटलं, त्या स्वयंपाकाच्या बाईबद्दल बोलतायत.

संध्याकाळपासून डबे परत यायला लागले. दुप्पट. आणि आता पनीर नव्हतं. शिरा होता, पुरणपोळ्या होत्या, बासुंदी होती. एकीने तर हळद-कुंकू लावून नारळ पाठवला. मी म्हटलं, लोकांना साखर चांगलीच आवडलेली दिसते. आणि मग माझ्या लक्षात आलं, की हे डबेसुद्धा रिकामे परत करता येणार नाहीत. मी साखर आणायला वाण्याकडे गेलो. वाणीही हसून म्हणाला, "अभिनंदन."

मधल्या काळात गॅसचं निराळंच चाललं होतं. एक सिलिंडर रिकामा होऊन बाल्कनीत, दुसरा संपत आलेला. कनेक्शन हेमाच्या नावावर. बुकिंगचा ओटीपी हेमाच्या फोनवर. तो फोन देवयानीने बंद करायला लावलेला. मी एजन्सीत गेलो.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, ग्राहकांना घेऊन या. अंगठा लागेल."

"त्या येऊ शकत नाहीत."

"मग व्हिडिओ कॉल लावून द्या."

"तिथे रेंज नाही."

"गावी गेल्यात का?"

"हो, तसंच."

शेवटी मला खरं सांगावं लागलं. मुलगी बिचारी ओशाळली. तिने नाव बदलायला लागणाऱ्या कागदांची यादी सांगितली. कागद गोळा करायला महिना लागला असता.

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर मॅडमच्याच नावाने बुक करा ना," ती म्हणाली. "फक्त ओटीपी सांगा."

मी घरी येऊन सिलिंडर हलवून पाहिला. रविवारपर्यंत पुरेल, असा अनुभवी माणसाचा अंदाज बांधला.

शनिवारी आमचे सेक्रेटरी प्रफुल्ल टिपणीस आले. यांच्या हातात फाइल नसेल तर ते आजारी आहेत असं समजतात.

"काका, सगळ्यात आधी अभिनंदन. मग एक छोटीशी फॉर्मॅलिटी. शेअर सर्टिफिकेट अजून काकूंच्या नावावर आहे. म्हणजे, जुन्या काकूंच्या."

"जुन्या?"

"म्हणजे आधीच्या. नवीन काकूंचं नाव घालायचं तर कमिटीपुढे ठेवावं लागेल. पाण्याचा चार्ज माणशी आहे, तोही वाढेल. त्या कायम राहणार ना? की येऊन-जाऊन?"

मी खुर्चीत बसलो. हेमाला कुणी जुनी म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं. राग आला. पण प्रफुल्लचा चेहरा इतका निरागस आणि फाइल इतकी व्यवस्थित होती की रागावता येईना.

"प्रफुल्ल," मी म्हणालो, "मी खिचडी करतोय."

"हो हो," तो समजूतदारपणे म्हणाला. "सुरुवात तिथूनच होते."

तो गेल्यावर मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'माझ्याबद्दल पसरलेली बातमी खोटी आहे. मी फक्त खिचडी करत आहे. कृपया नोंद घ्यावी. त्र्यंबक वझे.' त्यावर लगेच फुलं आली, केक आले, हात जोडलेले आले. कुणीतरी लिहिलं, 'लाजू नका काका.' मी फोन पालथा ठेवला.

रविवारी देवयानी आली ती शिळफाट्याच्या ट्रॅफिकने आधीच तापलेली. चप्पल काढायच्या आत म्हणाली, "कोण आहे ती?"

"कोण?"

"बाबा, सुमेधाकाकूंचा फोन आला होता मला. रडत होत्या. म्हणाल्या, साखर मीच सांगितली होती म्हणून आधी खरं वाटेना, पण सेक्रेटरीही अभिनंदन करून आले; चांगलंच झालं, पण हेमाताईंचं वर्ष तरी होऊ द्यायला हवं होतं. मी काय बोलणार होते? मला माहीत तरी होतं का?"

मी तिला सगळं सांगितलं. साखर, डबे, पांढरा शर्ट. ऐकता ऐकता तिचे ओठ हलायला लागले. हसू दाबतेय असं मला वाटलं. पण तेवढ्यात ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने ओटा पाहिला.

शिऱ्याचे डबे, पुरणपोळ्यांचे डबे, बासुंदीचं पातेलं, नारळ.

"म्हणजे अजून लोकांच्या डब्यांवरच चाललंय," ती म्हणाली. आता आवाजात हसू नव्हतं. "बाबा, मला रोज रात्री झोप लागत नाही हो. तुम्ही जेवलात का, काय जेवलात. मी तिकडे काय करू शकते?"

मी डाळ-तांदूळ मोजून घेतले. धुतले. कुकर चढवला. यावेळी शिट्ट्या होऊ द्यायच्या असं मनाशी पक्कं केलं होतं. गॅस पेटवला. निळी ज्योत जरा उभी राहिली, पिवळी झाली, हलली आणि गेली.

मी सिलिंडर हलवला. मग आडवा केला. मग त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"राहू दे बाबा," देवयानी अगदी हळू म्हणाली. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "तुमची बॅग कुठे असते?"

तिने कपाट उघडून बॅग काढली, आणि नेमक्या त्याच वेळी उघड्या दारातून सखुबाई आत आल्या. जिना चढून धापा टाकत. त्यांनी डोळे बारीक करून कपाटाशी उभी असलेली पाठमोरी बाई पाहिली.

"अगो बाय!" त्या ओरडल्या. "वझेभाव, लय जवान बगितलीस रं!"

देवयानी गर्रकन वळली. "आजी! मी देवयानी! ह्यांची मुलगी!"

"पोरगी व्हय? मंग नवरी कुठं हाय?"

"नवरी नाही आजी," मी म्हणालो. "लग्न नाही. काहीच नाही. खिचडी करायची होती, तीही नाही. गॅस संपला."

सखुबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा देवयानीच्या हातातल्या बॅगेकडे.

"गॅस संपला म्हून खिचरी रायते?" त्या म्हणाल्या. "आमची चूल काय मेली? चल खाली. डाल-तांदूल घे. पोरी, ती ब्याग ठेव. जेवल्याबिगर कुनी जायाचा नाय."

बिल्डिंगच्या मागे म्हात्र्यांची पत्र्याची शेड आहे. त्यात चूल. आंघोळीचं पाणी त्या अजून तिच्यावरच तापवतात, आणि प्रफुल्ल दर वर्षी त्याबद्दल एक पत्र काढतो. सखुबाईंनी एक मोठा टोप दिला. "यो नैवेद्याचा हाय," त्या म्हणाल्या. "ह्याला मच्छी कंदी लागली नाय. घाबरू नको."

बाहेर पाऊस होता, लाकडं ओली होती. सुमेधाताई, प्रफुल्ल, दोन्ही मजल्यांची मंडळी नवरी बघायला म्हणून गोळा झाली होती. ती नाही म्हटल्यावर चूल बघत उभी राहिली. सूचना सुरू झाल्या. रॉकेल ओता. कागद घाला. पंखा आणा. प्रफुल्ल म्हणाला, शेडमध्ये आग पेटवायला परवानगी आहे का ते बघावं लागेल.

"बाजूला व्हा सगळे," मी म्हणालो.

कारखान्यात पहिली काही वर्षं मी लाकडाचाच बॉयलर पेटवला होता. ते हातांना आठवत होतं. बारीक काटक्या खाली, जाड लाकूड वर आणि मागे हवेला वाट. धूर काळा असेल तर हवा कमी. मी गुडघ्यावर बसलो, फुंकणी घेतली, आणि ज्योत सरळ उभी राहिली. टोपात तूप, जिरं, हिंग, हळद, डाळ, तांदूळ. इथे झाकण होतं पण शिट्टी नव्हती, दाब नव्हता. उकळी दिसत होती. जाळ मागे ओढला, पुढे सारला. पाणी आटत आलं तसं लाकूड काढून निखाऱ्यावर ठेवलं. पापड निखाऱ्यावर भाजले.

देवयानी उलट्या घमेल्यावर बसून पाहत होती.

खिचडी मऊ झाली. दाणा दाण्याला सांभाळून होता. सखुबाईंनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या थाळ्या काढल्या, आणि जमलेले सगळेच जेवायला बसले, कारण आमच्याकडे बघायला आलेला माणूस जेवून जातो.

"वा, काका!" सुमेधाताई पहिल्या घासाला म्हणाल्या.

"उत्तम," प्रफुल्ल म्हणाला. "एकदम घरगुती."

"काय चव आहे!" दुसरा मजला म्हणाला.

सखुबाई नुसत्या चावत होत्या. मी देवयानीकडे पाहिलं. तिने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग तिने थाळी मांडीवर ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "मीठ कुठे आहे?"

सगळे एकदम थाळीत बघायला लागले. सुमेधाताईंनी पदराने ओठ टिपले. मी एक घास घेतला. मीठ नव्हतं. नावालाही नव्हतं.

"मीठ घातलंच नाहीत तुम्ही," देवयानी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "एवढा जाळ केलात, एवढे हुशारीचे पापड भाजलेत आणि मीठ विसरलात? आई असती तर टोपासकट परत पाठवलं असतं तुम्हाला वर. लोक काय, वा वा करतील. लोकांना काय जातंय! हे असं रोज खाणार आहात का इथे?"

इथे. ती इथे म्हणाली.

हेमा गेल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. डॉक्टर नाही, शेजारी नाही, देवयानी स्वतःसुद्धा नाही. सगळे हळू बोलायचे. जणू मी काचेचा होतो.

"पुढच्या रविवारी सलिलला घेऊन येते," ती तणतणतच होती. "त्याला पातळ लागते, पाणी जास्त ठेवा. आणि गॅसचे ते कागद मला द्या, मी करते. उभे काय राहिलात? मीठ आणा!"

"आमच्याकरं हाय की मीठ," सखुबाई म्हणाल्या.

"नको," मी म्हणालो. "घरचं आणतो."

मी जिना चढून वर आलो. मिठाची बरणी ओट्यावर समोरच होती. तरी मला ती सापडायला जरा वेळ लागला. तोंड धुतलं, पुसलं आणि खाली गेलो.

खाली पोचलो तर माझ्या थाळीतला पापड गायब होता. देवयानी पावसाकडे बघत, गाल फुगवून, निर्विकार चेहऱ्याने काहीतरी कुरकुरीत चावत होती.